मे महिन्यातला मंगळवार

सकाळी सात. चर्चच्या तळघरात
रविवारच्या सूपचा वास अजून भिंतींना धरून.
प्रुइटबाईंनी डुगडुगत्या टेबलाखाली
जुनं मासिक दुमडून सारलं, म्हणाल्या,
"ए ते एल तुझ्याकडे, उरलेले माझे.
आणि पेन दोरीने बांध.
या वस्तीतली माणसं मत देतील न देतील,
पेन मात्र नेतात."

फिलाडेल्फियाचा महापौर नोव्हेंबरात निवडतात,
असं शाळेच्या पुस्तकात असतं.
खरं काय ते आज ठरतं,
पक्षातल्या पक्षात, बैठकीत सोयरीक ठरावी तसं.
नोव्हेंबरात नुसत्या अक्षता.

नऊ नावं. कुणाचं वर, कुणाचं खाली,
ते मार्चमध्ये डब्यातून गोट्या काढून ठरलेलं.
कॉर्डेल वीम्सची गोटी शेवटची निघाली.

दहापर्यंत अकरा जण आले.
त्यातला एक स्वच्छतागृह विचारायला.
मग बाई बोलत राहिल्या, नुसतं कॉर्डेलबद्दल:
चौथीत होता, अक्षरं त्याच्यापुढे उलटीसुलटी व्हायची,
मधल्या सुट्टीत त्या त्याला खिडकीशी बसवायच्या,
पुस्तक बंद, समोर रस्ता,
येणाऱ्या बसची पाटी वाच म्हणायच्या.
मार्चपर्यंत त्याला बस नुसती निळी दिसायची.
एके दिवशी 'फ्रँकफर्ड' एका दमात वाचलं
आणि पोरगा वर्गातून सुटला,
बसच्या मागे दोन चौक, ओरडत, तेच नाव.
"अजूनही तेच करतो," बाई म्हणाल्या.
"रात्रभर दर दहा मिनिटांनी बस देणार म्हणे.
पैसे कुठून, ते विचारू नकोस."
मी विचारलं नाही.
अकराच्या सुमाराला माझं मत देऊन आलो.
बाईंनी त्यांचं सकाळीच दिलं होतं, सर्वांत आधी.

दुपारी मिरेय डोर्सांव्हिल,
रात्रपाळी संपवून, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र.
वहीत तिच्या नावापुढे पक्षाचा रकाना कोरा.
"दोन्ही नको होते, म्हणून लिहिला नाही."
महापौरासाठी आज नाही, मी म्हणालो,
तुम्हाला फक्त खालचा प्रश्न,
सनदेतल्या एका कलमाच्या दुरुस्तीचा.
"आणि महापौर?"
"नोव्हेंबरात या."
ती हसली. आम्हा तिघांनाही माहीत होतं
नोव्हेंबरात काय उरलेलं असतं.
तरी पडद्याआड गेली
आणि त्या एका प्रश्नापुढे इतका वेळ उभी राहिली
की बाई दोनदा मान उंचावून पाहत्या झाल्या.

पाऊस नाही, सामना नाही, सुट्टी नाही,
न येण्याला काही कारणच नव्हतं,
आणि लोक आले नाहीत.

रात्री आठला दार लावलं.
यंत्राने कागदाची लांब पट्टी ओकली.
आठशे बारा नावांत सत्त्याण्णव मतं.
बाई वाचत गेल्या, मी टिपत गेलो,
चष्मा नाकावर, आवाज हजेरी घेतल्यासारखा.
शेवटची ओळ.
"वीम्स. एक."
त्यांनी पट्टी दिव्याजवळ नेली,
जणू एकाच्या मागे काही पुसट राहिलं असेल.

एक प्रत दारावर चिकटवायची असते, चिकटवली.
खुर्च्या मिटल्या. फोन वाजला.
तळघरात कुजबुजही घुमते,
मला सगळं ऐकू आलं.
"बाई, शहरभर आपटलो.
पण कुणीतरी तुमच्या दारावरच्या पट्टीचा फोटो पाठवलाय.
सतराव्या विभागात एक आहे.
आत्तापर्यंत रडलो नव्हतो.
मला माहितीये ते कुणाचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी वायर गुंडाळत होतो.
गुंडाळून झालेली वायर
सोडून पुन्हा गुंडाळू लागलो.

कुणी सांगावं, मंगळवारी कचऱ्याची गाडी यावी,
गळती थांबावी, शाळेच्या छताचं काम व्हावं,
त्यासाठी जिंकेल अशाच्या नावापुढे
बाईंनी बोट ठेवलं असेल.
चौथीच्या वर्गाला मत देता येत नाही.

"कॉर्डेल," त्या शेवटी म्हणाल्या,
"जेवलास का?"

पायऱ्या चढून वर आलो.
दारावरच्या पट्टीचं खालचं टोक सुटलं होतं.
बाईंनी अंगठ्याने दाबलं,
सोडलं,
पुन्हा दाबून धरलं.